अर्धांगवायु आणि साथीचे दिवस

आपल्या मराठींत या एका रोगाला किती तरी नांवें आहेत. वैद्यकाच्या संस्कृत ग्रंथांत त्याला पक्षाघात किंवा पक्षवध म्हटलें आहे. शिष्ट व्यवहारांत आपण अर्धांगवायु म्हणतों. बाजारांत लकवा म्हणतात. आणि घरांतल्या वडीलधाऱ्या बायका ‘अंगावरून वारें गेलें’ असें म्हणतात. हा शेवटचा शब्दप्रयोग मला लहानपणापासून मोठा अर्थपूर्ण वाटत आला होता. वारें येतें आणि जातें. त्याला कोणी धरून ठेवूं शकत नाहीं, आणि त्याच्यामागें धांवण्यांतहि हंशील नसतें. ज्याच्या अंगावरून तें गेलें त्यानें तेल चोळून घ्यावें, स्वस्थ पडावें, आणि दैवानें जें उरविलें असेल त्यावर समाधान मानावें, अशी सगळी समजूत त्या तीन शब्दांत सांठवलेली आहे. हा शब्दप्रयोग माणसाचा घात करूं शकतो हें मला फार उशिरा, म्हणजे २०२० सालच्या एप्रिल महिन्यांत कळलें.

वस्तुतः या रोगाचा वाऱ्याशीं कांहीं संबंध नाहीं. मेंदूला रक्त पुरविणाऱ्या वाहिनींत गुठळी अडकते, अथवा ती वाहिनी फुटून रक्त मेंदूंत पसरतें. पहिला प्रकार पुष्कळच अधिक आढळतो. ज्या भागाचें रक्त तुटलें तेथील पेशी मरूं लागतात. एका अमेरिकन डॉक्टरांनीं २००६ सालीं असा हिशेब मांडला कीं, मोठी वाहिनी बंद पडली असतां दर मिनिटाला सुमारें १९ लक्ष मज्जापेशी नष्ट होतात. १९९५ सालीं अमेरिकेंतील एका मोठ्या प्रयोगानें सिद्ध झालें कीं, गुठळी विरघळविणारें औषध पहिल्या तीन तासांच्या आंत शिरेंतून दिलें तर एरवीं पंगु होऊन राहिले असते असे पुष्कळ रोगी पुढें आपले व्यवहार आपण करूं लागतात. २००८ सालीं ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. २०१५ मध्यें जांघेंतील धमनींतून बारीक नळी मेंदूपर्यंत नेऊन ती गुठळीच ओढून काढण्याची रीति मान्य झाली, आणि २०१८ मध्यें निवडक रोग्यांच्या बाबतींत ती चोवीस तासांपर्यंतहि उपयोगी पडते असें दिसून आलें. मात्र कोणताहि उपाय योजण्यापूर्वीं सी. टी. स्कॅन काढून गुठळी आहे कीं रक्तस्राव आहे हें पाहावेंच लागतें. कारण रक्तस्राव असतां गुठळी विरघळविणारें औषध दिलें तर तेंच प्राणघातक ठरावयाचें. तेव्हां घरीं बसून या रोगावर कांहीं करतां येण्यासारखें नाहीं. रोग्याला यंत्रापाशीं नेलें पाहिजे, आणि तेंहि घड्याळाकडे पाहून.

आतां ज्या ठिकाणची ही हकीकत आहे त्याविषयीं दोन शब्द. स्वारगेट हें नांव फारसींतला स्वार आणि इंग्रजींतलें दार यांच्या संकरांतून झालेलें. व्याकरणाच्या मास्तराला तें नेहमींच खटकत आलें आहे. पण या भागांत राहणाऱ्याला त्याहून अधिक खटकतो तो येथला कोलाहल. एस. टी. चें स्थानक, शहर बसगाड्यांचा थांबा, सातारा रस्ता, शंकरशेठ रस्ता आणि टिळक रस्ता हे सारे जेथें येऊन आदळतात तेथें शांतता म्हणजे काय हें ठाऊक असण्याचें कारण नाहीं. ९ मार्च २०२० रोजीं पुण्यांत कोरोनाचे पहिले रुग्ण आढळले व त्यांना नायडू सांसर्गिक रोग रुग्णालयांत ठेवण्यांत आलें. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी झाली. एस. टी. त्याच्या आधींच थांबली होती. एप्रिलच्या आरंभीं मध्यवस्तींतील पेठांचा भाग बंद करण्यांत आला, आणि २० एप्रिलपासून सगळें शहरच प्रतिबंधित क्षेत्र झालें. गल्ल्यांच्या तोंडांशीं बांबू बांधले गेले, कोठें पत्रे ठोकले गेले. जेधे चौकाच्या उड्डाणपुलावरून दुपारीं बारा वाजतां कुत्रीं खुशाल हिंडत होतीं, आणि पहांटे पर्वतीकडील मोरांचा आवाज आमच्या गच्चीपर्यंत येत असे. पुण्यांतले रस्ते माझ्या आयुष्यांत इतके मोकळे कधींच झाले नव्हते. हें मुद्दाम नमूद करतों, त्याचें कारण पुढें येईल.

माझा धाकटा भाऊ आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. बँकेंत रोखपाल म्हणून त्याची सारी नोकरी झाली. तीन आंकडी रकमांचा रकाना वरून खालीं नुसती नजर फिरवून बेरीज सांगणारा माणूस. मुलगा बेंगळुरास. मंगळवार, २१ एप्रिल, सकाळीं पावणेसात वाजतां चहा घेत असतां त्याच्या उजव्या हातांतला कप खालीं पडला. भावजयीनें विचारलें तेव्हां त्यानें जें उत्तर दिलें तें शब्दांसारखें होतें, पण शब्द नव्हते. सात वाजतां तिचा फोन आला, “दादा, ह्यांचें कांहीं तरी वेगळेंच दिसतें आहे. तोंड एका बाजूला ओढल्यासारखें झालें आहे. तुम्ही येतां का?”

मी गेलों. त्याला पाहिलें. तो मला ओळखीत होता, मान हालवीत होता, डाव्या हातानें ‘बैस’ अशी खूणहि त्यानें केली. आमच्या नेहमींच्या डॉक्टरांचा दवाखाना बंद होता. पण त्यांनीं फोन उचलला आणि एकच वाक्य सांगितलें कीं, आतांच्या आतां मोठ्या रुग्णालयांत न्या. त्यावर आम्ही चौघेजण विचार करीत बसलों. चौथे म्हणजे त्यांच्या इमारतीच्या मंडळाचे चिटणीस, ते दाराबाहेर उभे राहून तोंडावरचा रुमाल सांवरीत म्हणाले, “नेलेंत तर न्या, पण परत आल्यावर चौदा दिवस काय करायचें तें आधीं ठरवा.” रुग्णालयें कोरोनानें भरलीं आहेत, पासष्टीच्या घरांतल्या माणसानें तेथें पाऊल टाकलें कीं तो रोग घेऊनच बाहेर येणार, आणि आला नाहीं तर शेवटचें दर्शनहि व्हायचें नाहीं, असें जो तो बोलत होता व वर्तमानपत्रांतहि रोज तेंच वाचीत होतों. माझ्या पत्नीनें महानारायण तेलाची बाटली बरोबर दिली होती. शेवटीं निर्णय झाला, आणि तो सांगणारा वडील भाऊ या नात्यानें मीच होतों: संध्याकाळपर्यंत थांबूं या, वारें असेल तर ओसरेल.

तें ओसरलें नाहीं. रात्रीं उजवा पाय उचलेना व तो पलंगाजवळ पडला. बुधवारीं सकाळीं सात वाजतां आम्हीं १०८ क्रमांकाला फोन केला. रुग्णवाहिका दीड तासानें आली. त्या दिवसांत तिला किती ठिकाणीं जावें लागत होतें हें पाहतां ती आली हेंच पुष्कळ. पहिल्या रुग्णालयाच्या दाराशीं कपाळावर यंत्र धरून ताप पाहिला. अंगांत थोडी कणकण निघाली. झालें! त्याला संशयितांच्या बाजूला नेलें. घशांतील नमुना घ्यावयाचा, अहवाल दुसऱ्या दिवशीं, आणि अहवाल आल्यावांचून स्कॅनच्या खोलींत नेतां येणार नाहीं, कारण ती खोली पुन्हां धुवून घ्यावी लागते. दोन तास आम्ही मांडवाखालीं बसलों. मग सांगण्यांत आलें कीं विलगीकरणाची खाट शिल्लक नाहीं. दुसऱ्या रुग्णालयांत दुपारीं अडीच वाजतां स्कॅन झालें. डाव्या बाजूच्या मोठ्या वाहिनींत गुठळी. तेथील तरुण डॉक्टरीणबाईंनीं चित्र समोर धरून अगदीं हळू आवाजांत विचारलें, “आजोबा, सुरुवात नक्की केव्हां झाली?” मीं सांगितलें. त्यांनीं लिहून घेतलें आणि कांहीं बोलल्या नाहींत.

माझ्या भावाचा धंदा हिशेबाचा, म्हणून त्याच्या वतीनें हा हिशेब मीं पुढें कितीदां तरी मांडला आहे. कप पडल्यापासून स्कॅनपर्यंत पावणेबत्तीस तास. त्यांपैकीं रुग्णवाहिका व दोन्ही रुग्णालयें मिळून साडेसात तास. उरलेले सव्वाचोवीस तास आमच्या घराच्या खात्यावर. घर ते रुग्णालय अंतर चार किलोमीटर, आणि रस्ते, वर सांगितल्याप्रमाणें, पूर्ण मोकळे.

हें आमच्याच घरीं घडलें असें नाहीं. देशांतील १३ रुग्णालयांनीं मिळून केलेल्या पाहणींत त्या टाळेबंदीच्या काळांत आठवड्याला येणाऱ्या पक्षाघाताच्या रोग्यांची संख्या शेंकडा साठाहून अधिक घटलेली आढळली. अमेरिकेंत अशा रोग्यांच्या मेंदूचीं चित्रें काढण्याचें प्रमाण त्याच वसंतांत शेंकडा ३९ नीं उतरलें. ७० देशांतील ४५७ केंद्रांचे आंकडे पुढें एकत्र केले तेव्हां साथीपूर्वींच्या चार महिन्यांत ९१,३७३ रोगी दाखल झाले होते, तर साथीच्या चार महिन्यांत ८०,८९४. म्हणजे शेंकडा साडेअकरांची घट. वाचणाऱ्याला क्षणभर वाटेल कीं घरीं स्वस्थ बसल्यामुळें लोकांची प्रकृति सुधारली असावी. पण कोरोनाच्या विषाणूमुळें रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते, व त्या रोगानें रुग्णालयांत गेलेल्यांपैकीं शेंकडा एक-दीड जणांना त्यांतूनच पक्षाघात झाला, हें तेव्हांच दिसूं लागलें होतें. न्यूयॉर्कमध्यें तर पन्नाशीच्या आंतल्या माणसांना मोठ्या वाहिनीचा झटका आल्याचीं उदाहरणें एप्रिल २०२० मध्येंच प्रसिद्ध झालीं. तेव्हां रोगी वाढावयास हवे होते, आणि आले मात्र कमी. जे आले नाहींत त्यांत सौम्य झटक्याचे लोक विशेष होते असें ठिकठिकाणच्या डॉक्टरांनीं लिहून ठेवलें आहे. म्हणजे उपचारानें ज्यांचें सर्वांत अधिक भलें झालें असतें, त्यांतलेच पुष्कळ घरीं बसून राहिले.

रुग्णालयाची भीति हें पुण्याला नवें नाहीं. १८९७ सालच्या प्लेगांत रँडसाहेबाच्या अंमलाखालीं गोरे शिपाई घरांत शिरून रोगी हुडकीत, माणसें उचलून छावणींत नेत, आणि म्हणून लोक रोगी लपवीत. ती कथा आमच्या घरांतून पिढ्यान्पिढ्या सांगितली गेली आहे. रँडाच्या खुनाची गोष्ट सांगतांना आवाज चढतो. पण त्याच साथींत लोकमान्य टिळकांनीं पुढाकार घेऊन हिंदूंसाठीं प्लेगचें निराळें रुग्णालय उघडविलें, अथवा सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करतां करतां १० मार्च १८९७ रोजीं त्याच रोगानें गेल्या, या गोष्टी आमच्या माजघरांत फारशा निघाल्याचें मला आठवत नाहीं. त्या काळीं लोकांना भीति घालणारे शिपाई तरी होते. २०२० सालीं आमच्या गल्लींतले पत्रे आम्हींच वर्गणी काढून आणले.

रुग्णालयांना दोष देणें सोपें आहे, आणि मला तें करावयाचें नाहीं. विषाणु कसा पसरतो हें पुरतें माहीत नव्हतें, अंगभर घालावयाचे पोशाख अपुरे होते, परिचारिका स्वतः आजारी पडत होत्या, मेंदूच्या रोगांचे डॉक्टर कोरोनाच्या कक्षांत पाळीनें उभे होते. तरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. कॅनडांतील टोरोंटो येथील डॉक्टरांनीं २०२० च्या वसंतांतच एक पद्धति आंखून प्रसिद्ध केली. पक्षाघाताचा प्रत्येक रोगी साथीचाच आहे असें गृहीत धरावयाचें, त्याच्या तोंडावर मुखपट्टी बांधावयाची, मोजक्याच माणसांनीं पोशाख घालून त्याला थेट स्कॅनकडे न्यावयाचें, आणि अहवालाची वाट मागाहून पाहावयाची. त्यांत कांहीं मिनिटें अधिक जातात. पण तास जात नाहींत. आपल्याकडेहि पुढें पुष्कळ रुग्णालयांनीं संशयितांसाठीं वाट निराळी केली. आमच्या वेळीं ती झाली नव्हती.

जीव वांचला, पण खरा वनवास त्यानंतरचा. अक्षय्यतृतीया २६ एप्रिलला होती. त्या दिवशीं तो रुग्णालयांतच, आणि भेटीला कोणास परवानगी नाहीं. घरीं आल्यावर व्यायाम शिकविणारे फिजिओथेरपिस्ट यावयास हवे होते, कारण पहिल्या तीन महिन्यांत मेंदू जितकें परत मिळवितो तितकें पुढें मिळवीत नाहीं. पण इमारतींत बाहेरच्या माणसाला मज्जाव. सरकारनें फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम २५ मार्चलाच जाहीर केले होते, त्यांचा आधार झाला. बेंगळुराचा मुलगा आपल्या फोनवर, शिकविणाऱ्या बाई आपल्या फोनवर, आणि भावजय इकडे एका हातानें फोन धरून दुसऱ्या हातानें नवऱ्याचा खांदा उचलते आहे, असा तो वर्ग चाले. चाळीस वर्षें मास्तरकी केली, पण असा वर्ग पाहिला नव्हता. रक्तदाबाच्या गोळ्यांसाठीं मी टिळक रस्त्यावर रांगेंत उभा राहत असें. परजिल्ह्यांत एस. टी. २० ऑगस्टला सुरू झाली, पी. एम. पी. च्या गाड्या ३ सप्टेंबरला. तोंवर ते तीन महिने निघून गेले होते.

तो आतां काठी घेऊन चालतो. उजवा हात अर्धवट. बोलण्याची मात्र एक विलक्षण तऱ्हा आहे. पाणी हवें असेल तर ‘पाणी’ हा शब्द त्याला सांपडत नाहीं; कपाळावर शिरा उठतात, डोळ्यांत पाणी येतें, पण तोंडांतलें पाणी तोंडांतच राहतें. आणि तोच माणूस सकाळीं देवापुढें बसला कीं गणपत्यथर्वशीर्ष पहिल्यापासून फलश्रुतीपर्यंत अस्खलित म्हणतो, स्वरांसकट. पहिल्यानें हें घडलें त्या दिवशीं भावजय स्वयंपाकघरांतून धांवत आली. तिला वाटलें वाचा परत आली. डॉक्टरांनीं समजावून दिलें कीं, लहानपणीं पाठ केलेलें ओळीनें म्हणणें किंवा गाणें, आणि मनांतल्या विचारासाठीं नवें वाक्य जुळविणें, हीं मेंदूचीं दोन निराळीं कामें आहेत. डाव्या बाजूचें केंद्र गेलें तरी पहिलें कित्येकदां टिकून राहतें. आमच्या वडिलांनीं छडी घेऊन पाठ करून घेतलेलें एवढेंच त्याच्यापाशीं निर्वेध उरलें आहे. पाठांतरावर टीका करणाऱ्या नव्या शिक्षणशास्त्रज्ञांशीं मी पूर्वीं वाद घालीत असें. या विषयावर आतां कोणाशीं वाद घालावासा वाटत नाहीं.

या मासिकाच्या वाचकांच्या घरीं वडील माणसें असणारच, म्हणून जें आम्हांस त्या मंगळवारीं ठाऊक नव्हतें तें येथें लिहितों. हंसावयास सांगितल्यावर तोंड एका बाजूला जाणें, दोन्ही हात पुढें केले असतां एक खालीं घसरणें, साधें वाक्य धड न म्हणतां येणें, यांपैकीं एक जरी एकाएकीं दिसलें तरी निघावें. एकाएकीं तोल जाणें किंवा दृष्टि जाणें हेंहि त्यांतलेंच. दहा मिनिटांत सारें पूर्ववत् झालें म्हणून थांबूं नये. तो पुष्कळदां मोठ्या झटक्याचा अग्रदूत असतो. माणूस धडधाकट शेवटचा केव्हां दिसला ती वेळ कागदावर लिहावी, कारण रुग्णालयांत पहिला प्रश्न तोच येतो आणि गोंधळांत आठवत नाहीं. हृदयविकाराच्या संवयीनें कोणी ॲस्पिरिनची गोळी देतात. ती देऊं नये, कारण आंत रक्तस्राव असल्यास अपाय होईल. पाणी, चहा, काढा कांहींच पाजूं नये. गिळण्याची शक्ति गेलेली असली तर तें फुफ्फुसांत जातें. आपल्या घरापासून कोणत्या रुग्णालयांत रात्रींबेरात्रीं स्कॅन होतें आणि गुठळीचें औषध मिळतें याची चौकशी प्रकृति ठणठणीत असतांनाच करून ठेवावी. आणि कोणतीहि साथ चालू असली तरी हें सारें तसेंच लागू राहतें. साथ पुढच्या आठवड्यांतहि असेल, पण साडेचार तास त्याच सकाळीं संपतात.

आतां सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेटला जमिनीखालून मेट्रोहि येते, आणि वरचा कोलाहल आहे तसाच आहे. गेल्या वर्षीं आमच्या इमारतीच्या वार्षिक सभेंत मीं एक ठराव मांडला: यापुढें कोणत्याहि साथींत आपल्या इमारतीचें फाटक बंद करण्याची पाळी आली, तरी झटका, हृदयविकार अथवा प्रसूति यांसाठीं बाहेर जाणाऱ्यास व परत येणाऱ्यास कोणी अडवूं नये, चौदा दिवसांचा प्रश्न मागाहून सोडवावा, आणि फाटकाची किल्ली रात्रीं कोणापाशीं असते हें जिन्यांत लिहून लावावें. माझा भाऊहि त्या दिवशीं मुद्दाम येऊन पहिल्या रांगेंत बसला होता. चर्चा अशी झालीच नाहीं. एका गृहस्थांनीं किल्ली दोघांपाशीं असावी अशी दुरुस्ती सुचविली, ती मीं मान्य केली, भावानें डावा हात वर केला, ठराव एकमतानें मंजूर झाला, आणि सभा पाण्याच्या टांकीच्या गळतीकडे वळली.